फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (जन्म : ६ एप्रिल १८१०, वूस्टर, इंग्लंड, मृत्यू : २३ ऑगस्ट १८८८, सेंट मेरीचर्च, टॉर्की, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत इंग्लिश निसर्ग अभ्यासक, सागरी प्राण्यांचे संशोधक, चित्रकार व लेखक होते. समुद्रातील प्राणी व वनस्पती काचेच्या पात्रात जिवंत ठेवण्याची पद्धत त्यांनी स्वतःच्या प्रयोगांनी बसवली आणि सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडली. अशा पात्राला 'ॲक्वेरियम' हे नाव रूढ झाले ते त्यांच्या लेखनामुळे. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात उभारण्याच्या छंदाचा प्रारंभ प्रामुख्याने त्यांच्या १८५३ ते १८५५ या काळातील पुस्तकांपासून मानला जातो. या छंदामुळे समुद्रकिनाऱ्यांची जी हानी झाली तीही त्यांना हयातीतच पाहावी लागली.

बालपण व शिक्षण

गॉस यांचे वडील थॉमस गॉस हे लघुचित्रकार होते. व्यक्तिचित्रांची कामे मिळवण्यासाठी ते गावोगाव फिरत. त्यामुळे घरात पैशाची चणचण कायमची होती. आई हॅना या करारी स्वभावाच्या होत्या व संसाराचा भार मुख्यतः त्यांच्यावरच होता. फिलिप हे चार भावंडांतील दुसरे. त्यांचे बालपण डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदराच्या गावी गेले. तेथील खाडी, ओहोटीनंतर उघडे पडणारे खडक आणि त्यांच्या खळग्यांत साचलेले पाणी हे त्यांचे पहिले निसर्गालय होय.

त्यांची आत्या सुझन बेल यांना निसर्गाभ्यासाची गोडी होती. समुद्रफुले पाण्यात ठेवून पाहावीत व त्यांची चित्रे काढावीत, हे वळण या आत्यानेच लावले. तिचा मुलगा थॉमस बेल पुढे इंग्लंडमधील मान्यवर प्राणिशास्त्रज्ञ झाला. वडिलांकडून आलेली चित्रकला आणि आत्याने लावलेली निरीक्षणाची सवय यांचा मेळ गॉस यांच्या पुढील सर्व कामात दिसतो. ब्लँडफर्ड येथील शाळेत त्यांना थोडेफार लॅटिन व ग्रीक शिकता आले. परंतु परिस्थितीमुळे शिक्षण लवकरच थांबले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी ते पूल येथील एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून रुजू झाले. विद्यापीठाची पायरी ते कधीच चढले नाहीत.

उत्तर अमेरिकेतील वर्षे

१८२७ मध्ये सतरा वर्षांचे गॉस न्यूफाउंडलँड बेटावरील कार्बोनियर या बंदरी कारकुनी करण्यासाठी गेले. मासे व सील यांच्या व्यापारावर चालणाऱ्या त्या थंड प्रदेशात त्यांनी आठ वर्षे काढली. १८३२ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी सूक्ष्मदर्शकावरील एक जुना ग्रंथ त्यांच्या हाती आला आणि कीटकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्याच वर्षी त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्मश्रद्धाही दृढ झाली. विज्ञान व श्रद्धा हे दोन्ही धागे तेव्हापासून अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिले.

१८३५ मध्ये मित्रांच्या साथीने त्यांनी कॅनडातील कॉम्प्टन येथे शेती घेतली. ती तोट्यात गेली. १८३८ मध्ये ते अमेरिकेतील अलाबामा राज्यात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी गेले. तेथील फुलपाखरे व कीटक यांची अतिशय नाजूक रंगचित्रे त्यांनी काढली. परंतु मळ्यांवरील गुलामगिरी पाहून त्यांचे मन तेथे रमले नाही. काही महिन्यांतच नोकरी सोडून १८३९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतले. कॅनडातील निरीक्षणांवर आधारलेले 'द कॅनेडियन नॅचरलिस्ट' हे त्यांचे पहिले पुस्तक १८४० मध्ये प्रसिद्ध झाले.

जमैकातील संशोधन

लंडनजवळील हॅकनी येथे काही काळ शाळा चालवल्यावर व प्राणिशास्त्रावरील एक पाठ्यपुस्तक लिहिल्यावर गॉस १८४४ च्या अखेरीस पक्षी, कीटक व वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी जमैका बेटावर गेले. तेथे त्यांनी सुमारे दीड वर्ष काम केले. सॅम्युएल कॅम्पबेल या स्थानिक कृष्णवर्णीय तरुणाचे व रिचर्ड हिल या जमैकन अभ्यासकाचे मोठे साहाय्य त्यांना लाभले आणि त्यांनी ते आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले. 'द बर्ड्स ऑफ जमैका' (१८४७) व 'अ नॅचरलिस्ट्स सोजर्न इन जमैका' (१८५१) ही या प्रवासाची फळे होत. मेलेल्या प्राण्यांची कातडी मोजण्यापेक्षा जिवंत प्राणी कसा वागतो हे पाहावे, हा त्यांचा आग्रह या पुस्तकांत प्रथम स्पष्ट झाला. पुढे समुद्रातील प्राण्यांच्या बाबतीत तोच आग्रह त्यांना काचेच्या पात्रापर्यंत घेऊन गेला.

विवाह व कुटुंब

गॉस हे ब्रदरेन या साध्या उपासनेच्या, बायबलमधील प्रत्येक शब्द प्रमाण मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी झाले होते. याच पंथातील एमिली बोव्ज यांच्याशी २२ नोव्हेंबर १८४८ रोजी त्यांचा विवाह झाला. एमिली वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या व स्वतः कविता आणि धार्मिक पुस्तिका लिहीत. २१ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांना एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. एडमंड गॉस पुढे इंग्लिश साहित्यातील प्रतिष्ठित समीक्षक व लेखक झाले.

डेव्हनचा किनारा

रात्रंदिवस लेखन व सूक्ष्मदर्शकावरील काम यांमुळे गॉस यांची प्रकृती ढासळली. डोकेदुखी व अपचन यांनी ते हैराण झाले. हवापालटासाठी १८५२ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून डेव्हन परगण्यात, प्रथम सेंट मेरीचर्च येथे व नंतर इल्फ्राकूम येथे राहावयास गेले. तेथे ओहोटीच्या वेळी हातोडी, छिन्नी व बरण्या घेऊन खडकांत उतरणे हा गॉस यांचा नित्यक्रम झाला.

समुद्रफूल पाण्याबाहेर काढले की आकसून चिखलाच्या गोळ्यासारखे दिसते. मद्यार्कात बुडवून ठेवले तर रंग व आकार दोन्ही जातात. म्हणून त्याचे खरे रूप पाहावयाचे असेल तर ते पाण्यात जिवंतच राहिले पाहिजे, हे गॉस यांनी ओळखले. परंतु भांड्यातील समुद्राचे पाणी एक-दोन दिवसांत नासत असे आणि प्राणी मरत असत. किनाऱ्यावर राहून रोज पाणी बदलता येई. लंडनमधील माणसाला ते अशक्य होते.

सागरी मत्स्यालयाची पूर्वपीठिका

या प्रश्नाकडे वळणारे गॉस हे पहिलेच नव्हते. फ्रेंच संशोधिका झान व्हिलप्रो-पॉवर यांनी सिसिलीतील मेसिना येथे १८३२ मध्ये सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेची पात्रे वापरली होती. वेस्टमिन्स्टर येथील एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीहून काही प्रवाळ लंडनला नेले व घरी पाण्यात ठेवले. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम त्यांच्या घरी नित्य चाले. पुढे त्यांनी पात्रात सागरी वनस्पतीही घातल्या. घरात जिवंत प्रवाळ दीर्घकाळ सांभाळल्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते.

लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. मासे, पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवल्यास वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगाई कुजका भाग खातात आणि पाणी न बदलताही जीव जगतात, असे त्यांनी दाखवले. यानंतर ते समुद्राच्या पाण्याकडे वळले. गॉस यांचे प्रयोग त्याच सुमारास, परंतु स्वतंत्रपणे चालू होते. दोघांचा परस्परांशी परिचय झाल्यावरही श्रेयासाठी त्यांच्यात मोठे वितुष्ट आले नाही.

बाह्य परिस्थितीही अनुकूल होती. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनाऱ्यावरील बरण्या एका दिवसात शहरात पोहोचू लागल्या होत्या.

पहिले सार्वजनिक मत्स्यालय व 'द ॲक्वेरियम'

डिसेंबर १८५२ मध्ये गॉस यांनी इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावरील जिवंत प्राण्यांचा संग्रह लंडनला आणला. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने रिजंट्स पार्क येथील आपल्या उद्यानात काचेच्या टाक्यांची एक स्वतंत्र इमारत उभारली होती. मे १८५३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. तेथील प्राण्यांचा मोठा पुरवठा गॉस यांनी वेमथच्या किनाऱ्यावरून केला.

'अ नॅचरलिस्ट्स रॅम्बल्स ऑन द डेव्हनशायर कोस्ट' (१८५३) या पुस्तकात त्यांनी आपले प्रयोग प्रथम सविस्तर सांगितले. १८५४ मध्ये 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ त्यांनीच काढलेल्या रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाला. तोपर्यंत 'ॲक्वेरियम' हा शब्द वनस्पतितज्ज्ञ पाणवनस्पतींच्या हौदासाठी वापरत आणि प्राण्यांच्या पात्राला 'व्हायव्हेरियम' म्हणत. गॉस यांनी सुटसुटीत म्हणून पहिला शब्द सुचवला व तोच जगभर टिकला. पुस्तक तडाखेबंद खपले. १८५५ मध्ये त्यांनी घरगुती वापरासाठी एक छोटी मार्गदर्शिकाही लिहिली.

घरगुती मत्स्यालयाची पद्धत

गॉस यांनी सांगितलेल्या पद्धतीत पुढील गोष्टी मुख्य होत्या.

पात्र : तळ पाटीच्या दगडाचा व बाजू काचेच्या असाव्यात, जोड लांबीने बंद करावेत आणि प्राणी सोडण्यापूर्वी पात्र पाण्याने भरून पुरेसे मुरू द्यावे.

वनस्पती आधी, प्राणी नंतर : शैवल उपटून आणू नये. ते ज्या दगडावर वाढले असेल तो दगडच फोडून आणावा, म्हणजे ते कुजत नाही. उल्व्हासारखी हिरवी व नाजूक लाल शैवले उपयोगी पडतात. मोठी तपकिरी शैवले बुळबुळीत स्राव सोडून पाणी बिघडवतात. पाणी निवळून वनस्पतींवर प्राणवायूचे बुडबुडे दिसू लागल्यानंतरच प्राणी सोडावेत.

प्रकाश : उजेड हवा, पण कडक ऊन नको. अतिप्रकाशात काचेवर हिरवा थर चढतो. तो चरून साफ करण्यासाठी किनाऱ्यावरील लहान शंख ठेवावेत.

पाण्याची पातळी : बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून पहिल्या दिवशी पातळीची खूण करून ठेवावी व घट गोड्या पाण्याने भरून काढावी.

स्वच्छता व संयम : मेलेला प्राणी ताबडतोब काढून टाकावा, एकाच्या कुजण्याने सारे पात्र नासते. पात्रात फार गर्दी करू नये. पिचकारीने किंवा वर टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी सोडून पाण्यात हवा मिसळावी.

नव्या मत्स्यालयधारकाला आजही जवळजवळ हाच उपदेश केला जातो.

कृत्रिम समुद्रजल

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण त्यामुळे सुटत नव्हती. इंग्लिश खाडीच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण पूर्वी प्रसिद्ध झाले होते. त्याच्या आधारे गॉस यांनी १८५४ मध्ये समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृती दिली. साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन व पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन हे चार क्षार चार क्वार्टांहून किंचित कमी पाण्यात विरघळवावेत, अशी ती कृती होती. आजच्या मापात हे अनुक्रमे सुमारे ९९, ७, १३ व २.६ ग्रॅम क्षार आणि सुमारे साडेचार लिटर पाणी होते. हे पाणी गाळून, त्यात शैवल वाढलेले दगड काही दिवस ठेवून मग त्यांनी प्राणी सोडले. काही आठवड्यांनंतरही ते सुस्थितीत असल्याची नोंद त्यांनी केली.

चुन्याचे क्षार अल्प प्रमाणात असतात म्हणून गॉस यांनी ते वगळले होते. प्रवाळाचा सांगाडा चुन्याचाच बनतो. त्यामुळे केवळ या पाण्यावर प्रवाळ वाढणे शक्य नव्हते. हल्ली बाजारात मिळणाऱ्या सागरी क्षारमिश्रणांत कॅल्शियम व अन्य घटक आवर्जून मिसळलेले असतात. तरीही विदर्भासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारता येते, ते याच कल्पनेच्या आधारे.

पत्नीचे निधन व 'ओम्फॅलोस'

१८५६ मध्ये गॉस यांची रॉयल सोसायटीच्या सदस्यपदी निवड झाली. परंतु त्याच सुमारास एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. अत्यंत वेदनादायी उपचारांनंतर फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी एडमंड सात वर्षांचे होते.

त्याच वर्षी गॉस यांनी 'ओम्फॅलोस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वी अतिप्राचीन असल्याचे भूशास्त्र सांगत होते आणि बायबलचा अक्षरशः अर्थ घेतल्यास तिचे वय थोडक्या हजार वर्षांचे ठरत होते. दोन्ही खरे मानण्यासाठी गॉस यांनी असा तर्क मांडला की, ईश्वराने पृथ्वी निर्माण केली तीच मुळी भूतकाळाच्या खुणांसह. वृक्षांच्या खोडातील वर्तुळे आणि खडकांतील जीवाश्म यांसह. ग्रीक भाषेत 'ओम्फॅलोस' म्हणजे बेंबी. आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमलाही बेंबी असणार, या विचारावरून हे नाव घेतले होते. आपण दोन्ही पक्षांचा समेट घडवून आणू, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात शास्त्रज्ञांनी हा तर्क हसण्यावारी नेला आणि धर्मनिष्ठांनाही तो रुचला नाही. ईश्वराने खडकांवर खोटा इतिहास लिहून ठेवला असे मानणे आपल्याला जमणार नाही, असे त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्जली यांनीही कळवले. पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती रद्दीत गेल्या. प्रत्यक्ष निरीक्षणात इतका काटेकोर असलेला माणूस या प्रश्नात एकाकी पडला, याचे शल्य त्यांना दीर्घकाळ राहिले.

समुद्रफुले व प्रवाळ यांचा अभ्यास

सप्टेंबर १८५७ मध्ये गॉस मुलासह टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. दुःख व अपयश यांतून सावरत त्यांनी येथेच आपले सर्वांत महत्त्वाचे शास्त्रीय काम केले. 'अ‍ॅक्टिनोलॉजिया ब्रिटानिका' हा ब्रिटनमधील समुद्रफुले व प्रवाळ यांवरील ग्रंथ १८५८ पासून भागशः व १८६० मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. त्यातील रंगचित्रे जिवंत प्राणी पात्रात ठेवून काढलेली असल्याने ती आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

इल्फ्राकूमजवळ सापडलेल्या शेंदरी-सोनेरी रंगाच्या चषकाकृती प्रवाळाला त्यांनी १८५३ मध्ये 'बॅलॅनोफिलिया रेजिया' हे शास्त्रीय नाव दिले. 'एप्टेशिया' ही समुद्रफुलांची प्रजातीही त्यांनीच १८५८ मध्ये स्थापली. प्रवाळ मत्स्यालयात दगडांसोबत नकळत येणारे, झपाट्याने वाढून प्रवाळांना डंख करणारे व निपटून काढण्यास अवघड असे जे समुद्रफूल छंदिष्टांना पुरते ठाऊक आहे, ते याच नावाने ओळखले जाते.

ॲना थिन यांनी आपल्या प्रवाळांविषयी केलेल्या नोंदी १८५९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या, त्या गॉस यांच्या टिपणांसह. एका गृहिणीचे आधीचे काम अशा रीतीने अभ्यासकांसमोर आले.

मत्स्यालयांची लाट व किनाऱ्याची हानी

गॉस यांच्या पुस्तकांनी ब्रिटनमधील मध्यमवर्गाला जणू वेड लावले. दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याचे पात्र असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. लंडनमध्ये विल्यम अल्फर्ड लॉइड यांच्यासारख्यांनी जिवंत समुद्री प्राणी व पात्रे यांची दुकाने थाटली. सुटीच्या दिवशी किनाऱ्यांवर टोपल्या, बरण्या व छिन्न्या घेतलेल्यांची गर्दी होऊ लागली. गॉस स्वतः इल्फ्राकूम, टेन्बी आदी ठिकाणी अशा हौशी मंडळींना सोबत घेऊन खडकांत उतरत व शिकवत.

यांपैकी बहुतेकांची पात्रे काही आठवड्यांतच नासली. मेलेल्यांच्या जागी नवे प्राणी आणले गेले, तेही मेले. १८६० च्या दशकाअखेर ही लाट ओसरली. पण तोवर डेव्हनच्या खडकांमधील शतकानुशतके अबाधित राहिलेले पाण्याचे खळगे ओरबाडले गेले होते. लहानपणी वडिलांबरोबर कमरभर पाण्यात उभे राहून एडमंड यांनी जी समृद्धी पाहिली होती ती पुढे उरली नाही. 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मकथनात त्यांनी तिच्या विनाशाचे वर्णन केले. आपल्याच पुस्तकांनी लोकांना या खडकांकडे धाडले ही जाणीव आपल्या वडिलांना अतिशय क्लेश देत असे, असेही त्यांनी नोंदवले. लोकांनी सृष्टीवर प्रेम करावे, तिच्यात निर्मात्याची खूण पाहावी, हा गॉस यांचा हेतू होता. लोकांनी मात्र ती उचलून घरी नेली. गॉस यांनीही छिन्नीने खडक फोडले होते. मात्र किती घ्यावे, किती ठेवावे याचा विचार त्या काळी इतरांप्रमाणे त्यांच्याही पद्धतीत नव्हता.

उत्तरायुष्य

१८ डिसेंबर १८६० रोजी गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. एलायझा यांनी एडमंड यांचे मातृवत संगोपन केले. याच वर्षी 'द रोमान्स ऑफ नॅचरल हिस्टरी' हे त्यांचे लोकप्रिय पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढील काळात त्यांनी ऑर्किडची जोपासना केली. चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. उत्क्रांतीविषयी टोकाचा मतभेद असूनही दोघांनी परस्परांच्या निरीक्षणांचा आदर केला. सी. टी. हडसन यांच्यासह त्यांनी लिहिलेला रोटिफेरा या सूक्ष्म प्राण्यांवरील ग्रंथ १८८६ मध्ये पूर्ण झाला.

वडिलांची कडक धर्मशिस्त एडमंड यांना पेलली नाही व दोघांच्या वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. ख्रिस्ताचे पुनरागमन आपल्या हयातीतच होईल अशी गॉस यांची अखेरपर्यंत श्रद्धा होती. १८८७-८८ च्या हिवाळ्यात रात्री दुर्बिणीतून तारे पाहत असता त्यांना थंडी बाधली आणि त्या आजारातून ते पूर्णपणे उठले नाहीत. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व प्रभाव

गॉस यांची पद्धत वनस्पती व प्राणी यांच्या समतोलावर आधारलेली होती. प्राण्यांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू तेव्हा अज्ञात होते. गॉस यांनी किनाऱ्यावरून आणलेल्या दगडांबरोबर हे जीवाणूही येत असणार आणि त्यांच्या यशात त्यांचा वाटा असणार, हे आज समजते. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत दगड व हवेचे बुडबुडे यांवर चालणारी उष्ण कटिबंधीय प्रवाळांची पात्रे जगासमोर आणली. प्रवाळभित्ती रचणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. म्हणून त्यांना तीव्र प्रकाश, स्थिर तापमान व कॅल्शियम लागते. गॉस यांचे थंड पाण्यातील प्रवाळ या बाबतीत कमी मागणी करणारे होते.

महाराष्ट्रात सागरी जीव सर्वसामान्यांना पाहता यावेत म्हणून मुंबईत मरीन ड्राइव्ह येथे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. रिजंट्स पार्कमधील इमारतीपासून सुरू झालेल्या परंपरेतीलच ही संस्था होय. राज्याच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. भारतात भित्ती रचणारे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून मिळाले असून ते समुद्रातून काढणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. म्हणून घरी खाऱ्या पाण्याचे पात्र उभारू इच्छिणाऱ्याने कोणता जीव कोठून आला, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

गॉस यांचे नाव 'ओम्फॅलोस'च्या फसलेल्या तर्कासाठी, मुलाने रंगवलेल्या कठोर पित्याच्या चित्रासाठी आणि मत्स्यालयासाठी अशा तीन कारणांनी घेतले जाते. विसाव्या शतकात पहिल्या दोन कारणांनी तिसरे बरेचसे झाकून टाकले होते. ॲन थ्वेट यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांच्या निसर्गाभ्यासाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. समुद्राच्या तळाशी असलेले जग सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आणण्याचे श्रेय त्यांचे आहे. ते जग पाहण्याच्या हौसेपायीच नष्ट होऊ शकते, हा धडाही त्यांच्या चरित्रातूनच मिळतो.